साडेतीन खण : गावातल्या जुन्या बांधकामांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

सुरुवात केली एकदाची. तीन वर्षं नुसतं बोलत होतो की गावातली जुनी बांधकामं कुणीतरी मोजून लिहून ठेवली पाहिजेत, तर ते कुणीतरी म्हणजे शेवटी मीच निघालो. गाव वाई तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, दीडशे उंबऱ्याचं. नाव लिहीत नाही कारण वाड्याची केस कोर्टात आहे आणि त्यात आम्ही पण आहोत. वाड्याच्या सात वाटण्या झाल्यात, आमच्या वाट्याला साडेतीन खण.

सामान: तीस मीटरचा टेप, साइटवरून आणलेलं लेझर मेजर, ओळंबा, ग्राफची वही, आणि टेपचं दुसरं टोक धरायला पुतण्या (सातवीत आहे, दर रविवारी एक वडापाव असा करार). आज फक्त यादी केली. वाडा, महादेवाचं देऊळ, मारुतीचं देऊळ, वेस म्हणजे वेशीची उरलेली एक बाजू, चावडी, बारव, जुनी शाळा, तालीम, पार वगैरे. चौदा झाली. आण्णा म्हणाले पंधरावी लिही, खालच्या आळीतली धर्मशाळा, पण तिथे आता शौचालयाचा ब्लॉक आहे, जोतं तेवढं दिसतंय. जोतं दिसतंय तर लिहायची असं ठरलं.

२१ जानेवारी

वाड्यापासून सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी पोपट झाला. मी आपला फूट-इंचात मोजतोय, मिस्त्री तात्या कट्ट्यावर बसून बघतायत, मग म्हणाले, "आरं किती फूट किती फूट काय करतूयास, खण किती हाईत ते मोज की." पस्तीस-चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. मग त्यांनीच समजावलं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जुनी घरं फुटात बांधलीच नाहीत, पाच खणी, सात खणी, नऊ खणी अशी बांधली, आणि खणाची लांबी ठरते ती सागाची तुळई न वाकता किती पेलते त्याच्यावर. घराच्या वाटण्या पण खणावरच व्हायच्या. म्हणजे ज्या साडेतीन खणांवरून आम्ही भांडतोय ते आमच्या कागदावर कुठून आले हे मला आज कळलं, वय वर्षं बेचाळीस.

सगळं खोडून परत मोजलं. आमच्या वाड्यात खण ५ फूट २ इंचापासून ५ फूट ७ इंचापर्यंत, सारखा एकही नाही. समोरून नऊ खण, मधे चौक, चारी बाजूला सोपे, दक्षिणेला माजघर आणि देवघर, पूर्वेला माडी. खांब सागाचे, खाली दगडी तळखडा, वर नक्षीचे हस्त, त्यावर तुळई, मग कडीपाट म्हणजे लाकडी छत आणि कडीपाटावर मातीचा जाड थर. ईशान्य कोपऱ्यात दोन वाटण्या भेटतात, एकीकडे कौलं आणि एकीकडे पत्रा, मधे पन्हळ. तिथल्या खांबावर ओल आहे. फोटो काढला.

२८ जानेवारी

आज फक्त दिंडी दरवाजा. एका दरवाजाला अख्खा दिवस गेला, पण गेला तर गेला.

दरवाजा बंद केला की मागून आडवा सरकवायचा तो अडसर. आमचा अडसर सागाचा, चौकोनी, साधारण पाच इंच बाय पाच इंच, आणि तो भिंतीच्या पोटात जातो. उघडताना भिंतीत ढकलायचा, लावताना बाहेर ओढायचा. ओढायला एक लोखंडी कडी आहे आणि कडीच्या खाली लाकडावर बोटांनी घासून घासून खळगा पडलाय, माझी चारही बोटं त्यात बरोबर बसली. भोकात काठी घालून खोली मोजली, ६ फूट ४ इंच. म्हणजे भिंत बांधतानाच तेवढी पोकळ नळी ठेवत वर आले असणार, नंतर कोण खोदणार तेवढं. पुतण्याने भोकात मोबाईल घालून व्हिडिओ काढला, आत एक मेलेली पाल आणि विडीचं बंडल सापडलं. विडी कुणाची याच्यावर घरात जोरदार चर्चा झाली, आज्ज्याचं नाव पुढे आलं.

भिंतीची जाडी इथे २ फूट ९ इंच. जोत्यापासून चार फूट घडीव काळा दगड, त्याच्या वर भाजलेली वीट. माजघराच्या भिंतीत बळद आहे, म्हणजे भिंतीच्या पोटातच धान्याची कोठी, वरून ओतायचं आणि खाली बोळा काढून घ्यायचं. काकी म्हणाली लहानपणी तिला आत उतरवायचे साफ करायला. आता बळदात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आहे.

११ फेब्रुवारी

मेणवलीला जाऊन आलो. लहानपणापासून शंभर वेळा गेलोय, पण टेप डोक्यात ठेवून पहिल्यांदाच. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेवरचा घाट, शूटिंगमुळे लोकांना घाटच जास्त माहीत असतो, वाड्यात फार कमी जण जातात. नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, १७४२ ते १८००, कारभार पुण्याचा पण स्वतःचं म्हणून गाव हे.

वाड्याला सहा चौक. मी आमच्या एका चौकाचा हिशोब घेऊन गेलो होतो आणि सहा बघून गप्प झालो. पण खरं सांगायचं तर पद्धत तीच आहे, तेच खण, तोच तळखडा, तोच कडीपाट, मोठ्या माणसाने जास्त वेळा केलंय एवढंच. भिंतीवर जुनी चित्रं आहेत. ज्याला मेणवली दप्तर म्हणतात ते नानांचे कागद इथेच होते, नंतर इतिहाससंशोधक पारसनिसांच्या संग्रहात साताऱ्याला आणि तिथून पुण्याला डेक्कन कॉलेजला गेले. आपल्या भागातल्या घरांचे जुने कागद बघायचे तर पुण्याला जावं लागतं, असो.

मग मागच्या दाराने घाटावर. चंद्रकोरीसारखा वळवलेला घाट आहे, पायऱ्या थेट पाण्यात. देवळाजवळ ती मोठी घंटा, १७०७ साल असलेली, आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. वसईच्या मोहिमेतली. चिमाजी आप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा अशा बऱ्याच घंटा वर देशावर आल्या, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. पुतण्याने विचारलं की महादेवाला मेरीची घंटा कशी चालते. पुजारीबुवा जवळच होते, म्हणाले "आवाज चांगलाय." मला काही भर घालता आली नाही.

२५ फेब्रुवारी

जुनी शाळा. सोपं काम म्हणून घेतलं. एक लांब खोली, दगडी भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी. छप्पर दुरुस्तीसाठी खाली काढून ठेवलेलं एक कौल उलटं करून बघितलं तर मागे ठळक छाप, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. नाचलोच मी. लगेच वहीत लिहिलं, शाळा १८६५ ची, आणि ग्रुपवर टाकून पण दिलं.

३ मार्च

वरची नोंद चुकीची आहे. खोडत नाही, राहू दे तशीच. १८६५ हे त्या मंगलोरच्या कारखान्याचं सुरू झाल्याचं साल, ते नंतर कितीतरी वर्षं प्रत्येक कौलावर छापत होते. दुसऱ्या एका कंपनीच्या कौलावर १८६८ असतं, ते पण तसंच. म्हणजे कौलावरून एवढंच कळतं की शाळा त्याच्या आधीची नाही (आणि ते पण कौलं नंतर बदलली नसतील तर). कौलं एवढ्या लांबून इथे आली कशी, माझा अंदाज रेल्वेने वाठार स्टेशनपर्यंत आणि पुढे बैलगाडी, पण अंदाजच. ग्रुपवर दुरुस्ती टाकली, पण तोवर "आपल्या शाळेला दीडशे वर्षं पूर्ण" असा बॅनर डिझाइनला गेला होता. थांबवला. सरपंच नाराज.

८ मार्च, महाशिवरात्र

देऊळ मोजायला आजचा दिवस निवडला हा गाढवपणा, पण गर्दीत म्हातारी माणसं भेटतात हा फायदा. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. जरा शिकलेला असेल तर म्हणतो हेमाडपंती. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांकडचा मंत्री, तेराव्या शतकातला, पण आपल्याकडे चुना न भरता रचलेला कुठलाही काळा दगड दिसला की हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. आमच्या देवळाचं खालचं अंग खरंच जुन्या पद्धतीचं आहे, दगडावर दगड, सांध्यात काहीच नाही. शिखर मात्र विटा-चुन्याचं, ते मराठा काळातलं असावं, आणि सभामंडप दहा वर्षांपूर्वीचा, स्लॅबचा, टाइल्सवाला.

दीपमाळेवर लेख आहे असं आण्णा कायम म्हणायचे, मला कधी दिसला नव्हता कारण दीपमाळेला ऑइलपेंटचे किती हात दिलेत देवच जाणे. यंदाचा पिस्ता कलर. संध्याकाळी अंधार पडल्यावर पुतण्याला मोबाईलचा टॉर्च अगदी दगडाला टेकवून बाजूने धरायला सांगितला, आणि अक्षरं सावलीने उठून आली. समोरून लाइट मारला तर काहीच नाही, कडेने मारला की दिसतं. "श्री" दिसलं, खाली "शके १६" आणि पुढचे दोन आकडे रंगाखाली पूर्ण बुजलेले. शकात ७८ मिळवायचे म्हणजे १६७८ पासून १७७७ पर्यंत काहीही. शंभर वर्षांची रेंज, पिस्ता कलरमुळे. रंग काढायला मंडळाची परवानगी मागितली, म्हणाले पुढच्या वर्षी कलर बदलायचाच आहे तेव्हा बघू. घासून काढू नका, दगडाचं अक्षर पण जाईल, एवढं तरी पदरात घालून आलो.

१७ मार्च

चावडीसमोरच्या गटारावर पाय द्यायला जी फरशी आहे ती फरशी नाही, वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव दगड. पालथी टाकलेली. कडेला कोरीव काम लागलं हाताला म्हणून चौघांनी मिळून उलटी केली. तीन टप्पे, खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलाय. पालथी होती म्हणून नाक-डोळे शाबूत, इतकी वर्षं चिखलाकडे तोंड करून सुरक्षित राहिला बिचारा. गटारावर आता सिमेंटचा पाइप टाकलाय, माझ्या खर्चाने, ५५० रुपये. वीरगळ मारुतीच्या देवळाच्या कडेला उभी केली आणि दोन दिवसांत कुणीतरी शेंदूर लावला. आता ती हलणार नाही हे चांगलंच झालं.

३१ मार्च

काल बावधनची बगाड यात्रा होती, गाव रिकामं, म्हणून बारवेत उतरलो. त्याच्या आधी गेल्या आठवड्यात लिंबला जाऊन बारा मोटांची विहीर बघून आलो होतो, हायवेवरून लिंब फाट्याने आत. शके १६४१ ते १६४६ मधे, म्हणजे १७१९ ते १७२४, वीरूबाई भोसले यांनी बांधलेली. अष्टकोनी, जवळपास ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल, आणि विहिरीला जोडून वर चक्क महाल. कमानीखालून पायऱ्या उतरताना बाहेरच्या उन्हाची आठवण राहत नाही. विहीर आमराईच्या पाण्यासाठी होती, पंधरा मोटा बसवायची सोय, चालायच्या बारा.

आमची बारव तिच्यापुढे परात. चौरस, २२ फूट, एका बाजूने पायऱ्या, मोटा दोन. पण लिंबला जे समजलं नव्हतं ते इथे तात्यांमुळे समजलं. वर काठावर दोन लांब दगड पुढे आलेत त्यांना मी बाल्कनी समजत होतो, ते मोटेचे. त्यावर चाक, चाकावरून नाडा. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत जातात तसा नाडा ओढला जातो आणि मोट वर येते, थारोळ्यात ओततात, पाणी पाटाला. दगडाच्या कडेवर नाड्याने घासलेल्या खाचा आहेत, करंगळीएवढ्या खोल. धावेची जागा आता पार्किंग. पाणी पाच फूट, वर प्लास्टिक.

१४ एप्रिल

तात्यांना दिवसभर बसवून घेतलं आणि फक्त ऐकलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचार-साडेचारला, तात्या तेव्हा बारा वर्षांचे. वाड्याची पश्चिमेकडची भिंत बाहेर पडली रस्त्यावर, आणि आतली माडी तशीच उभी. सकाळी लोक रस्त्यावरून थेट माजघरात बघत होते, फडताळातली भांडी पण जागेवर. कारण छपराचं वजन भिंतीवर नाहीच, खांब-तुळयांवर आहे, भिंत नुसती आडोशाला. तात्या म्हणाले, "भित म्हंजी कपडं, हाडं आत हाईत."

हे ऐकून मला किल्लारी आठवलं, १९९३. तिथे दगडमातीच्या भिंती दोन पदरी, मधे चुरा भरलेला, दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नाहीत, आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. पहाटे भिंती फुटून लोकांच्या अंगावर आल्या, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून आपल्याकडे दगडमातीचं घर म्हणजे मरण असं डोक्यात बसलंय, ते काही खोटं नाही, पण म्हणून सागाच्या सांगाड्याचा वाडा पाडून भिकार आरसीसी करायचं हे पण समजत नाही. मी स्वतः आरसीसीच्या साइटवर पोट भरतो, मला माहितीये खेड्यात कॉलममधे काय घालतात आणि काय लिहितात.

चुन्याबद्दल पण बोलले. घाणीत बैल फिरवून चुना-वाळू मळायचे दिवस दिवस, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळ. घाणीचं दगडी चाक तालमीच्या मागे पडलंय, पोरं त्याला डायनासोरचं बिस्कीट म्हणतात. "चुना श्वास घेतो," तात्या म्हणाले. ओल आत आली तर परत बाहेर जाते. सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि वीट भुगा होते. वाड्याच्या ज्या दोन वाटण्यांना सिमेंट फासलंय तिथे टोकरून बघितलं, गिलावा कडक आणि मागची वीट बोटाने निघतेय.

२१ एप्रिल

ईशान्य कोपऱ्याचा खांब. जानेवारीतला फोटो आणि आजचा शेजारी ठेवला, ओल चढलीये, उन्हाळ्यात पण. वर बघितलं तर पन्हळ पूर्ण बुजलेली. पलीकडे बापूकाकांचा पत्रा, अलीकडे मुंबईच्या दादाची कौलं, पन्हळ दोघांच्या मधे, वाटणीपत्रात खण आहेत, माडी आहे, परसातलं सीताफळ सुद्धा आहे, पन्हळ नाही. म्हणून १९८८ पासून तिला कुणी हात लावलेला नाही. खांबाला पेचकस लावला तर तळखड्यापासून नऊ इंच वरपर्यंत खच्चकन आत गेला. वाळवी.

७ मे

लोकसभेचं मतदान. पुण्या-मुंबईची सगळी भावकी आली. असा योग परत नाही म्हणून चौकात चहा ठेवला आणि नकाशा दाखवला, अख्खा वाडा एका कागदावर, वाटण्यांच्या रेषा न मारता. काकीचे डोळे भरून आले, तिने बोट ठेवून दाखवलं इथे बाळंतिणीची खोली, इथे तुमची आज्जी गेली. दहा मिनिटं फार छान गेली.

मग मी पन्हळीचं काढलं. साफ करून नवीन पत्र्याची पन्हळ, लाकडी खांबाचा खालचा भाग कापून सागाचा तुकडा जोडायचा, तात्यांचा अंदाज अठरा हजार, सात घरांत अडीच हजाराच्या आसपास येतात. कुणी नाही म्हणालं नाही. बापूकाका म्हणाले केस चालू असताना एका खिळ्याला पण हात लावायचा नाही, वकिलाने सांगितलंय. दादा म्हणाला पैसे मी अत्ता देतो पण लिहून द्या पन्हळ माझी. मग आवाज चढले. चहा तसाच राहिला, मी वहीत टाइम लिहिला, ५.४०.

१९ मे

न विचारता चढलो. मी आणि तात्या, पुतण्या शिडीपाशी. पन्हळीतून निघालेला माल: तीन घमेली माती, दोन टेनिस बॉल, एक चप्पल, कावळ्याचं घरटं (रिकामं), पिंपळाचं अडीच फुटाचं झाड. पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलंय, ओढलं तर वीट येणार, म्हणून बुडाशी कापलं. परत फुटणार हे माहितीये.

खाली उतरलो तर बापूकाका उभे. "कुणाला विचारून चढलास?" म्हटलं काका, मोजायला चढलो होतो, पन्हळ साडेअकरा फूट आहे. ते बराच वेळ घमेल्यातल्या मातीकडे बघत राहिले, मग त्यातला एक बॉल उचलला, रंग पूर्ण उडालेला. म्हणाले "हा आमच्यातला आसंल," आणि खिशात घालून गेले.

खांबाला तात्यांनी शेजारी तात्पुरता लोखंडी टेकू दिलाय, माझ्या साइटवरचा. मालकाला सांगायचंय.

९ जून

पाऊस. काल रात्रीपासून धो धो. सकाळी सहाला चौकात जाऊन उभा राहिलो. पन्हळीच्या तोंडातून धार पडतेय, मनगटाएवढी, थेट चौकातल्या जुन्या दगडी नालीत, आणि नाली अजून चालू आहे, पाणी वाड्याखालून कुठून तरी जाऊन मागच्या परसात निघतंय. ती नाली माझ्या नकाशात नव्हती. घातली.

कोपऱ्यात मात्र अजून गळतंय, पिंपळाच्या मुळापाशी. खाली बादली ठेवली, १५ लिटरची, भरायला ५२ मिनिटं लागली. बापूकाका उठून आले, बघितलं, आत गेले आणि आपली बादली आणून शेजारी ठेवली. त्यांची भरायला तास आणि दहा मिनिटं. दोन्ही लिहिल्या.